अंगण वाकडे आहे का, ते नाच शिकल्यावर ठरवू

आपल्या कॅंटीनच्या फळीवर सध्या सेफ्टी रेझरची चार प्रकारची ब्लेडे आहेत. पुढच्या सत्रापासून त्यातली दोनच ठेवावीत असा विचार चालू आहे. जुलैमध्ये दहावी आणि अकरावीच्या मुलांना विचारले होते, तेव्हा दोन ब्लेडांबद्दल तक्रारी आल्या. एक म्हणे ‘कापते’, आणि दुसरे म्हणे ‘ओढते’. त्या दिवसापासून डॉर्मिटरीत ही दोन ब्लेडे बदनाम झाली. ज्यांनी ती पाकिटातून बाहेरसुद्धा काढली नाहीत, तेही आता ठामपणे सांगतात की ती वाईट आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की फळीवरून काही काढण्याआधी त्याच मुलांना तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारावा. जुलैमध्ये आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात दहा वेळासुद्धा दाढी केलेली नव्हती. आता सहा महिने होत आले. ब्लेड तेच आहे, पण ते धरणारा हात तो राहिलेला नाही.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ असा घेतला जातो की दोष नेहमी नाचणाऱ्याचा, अंगण बिचारे सरळच असते. मला हे अर्धेच पटते. काही अंगणे खरोखर वाकडी असतात. पण ज्याला नाचता येत नाही त्याला अंगण वाकडे आहे की सरळ, हे कळण्याचा मार्गच नाही. त्याचा तोल दोन्हीकडे जाणार. म्हणून निकाल द्यायचा तो नाच थोडा जमल्यावर.

फायरिंगला जाऊन आलेल्या कोणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पॉइंट टू टूच्या रेंजवर पहिल्या दिवशी आपल्या गोळ्या टार्गेटभर पसरतात. एखादा मुलगा लगेच म्हणतो, ‘उस्ताद, रायफलची साइट खराब आहे.’ उस्ताद साइटला हात लावत नाहीत. ते आधी ग्रुप बघतात. गोळ्या चहूकडे विखुरल्या असतील तर दोष पकडीचा, श्वासाचा किंवा ट्रिगर खेचण्याचा. त्या पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत एकत्र पडू लागल्या आणि तरीही मध्यापासून बाजूला पडत असतील, तर मग रायफलकडे बघायचे. ग्रुप येण्याआधी साइट फिरवली, तर रायफलही बिघडते आणि नेमबाजही शिकत नाही. आम्ही जुलैमध्ये ग्रुप न येताच साइट फिरवायला निघालो होतो, असे मला वाटते.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. सेफ्टी रेझरचे ब्लेड म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची, दोन्ही बाजूंना धार असलेली पोलादाची पट्टी. रेझरच्या डोक्यात ती किंचित वाकवून घट्ट बसवतात, आणि धारेचा अगदी थोडा भाग बाहेर राहतो. पाच पात्यांच्या कार्ट्रिजचे डोके हलते असते, ते स्वतःच चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे फिरते. सेफ्टी रेझरचे डोके फिरत नाही. कोन आपणच धरायचा, साधारण ३० अंशांचा. दाब द्यायचा नाही, रेझरचे स्वतःचे वजन पुरते. कातडी दुसऱ्या हाताने हलकेच ताणायची. आणि या सगळ्याच्या आधी केस भिजलेले हवेत. कोरडा केस तारेसारखा ताठ असतो. दोन-तीन मिनिटे गरम पाणी आणि नीट केलेला फेस मिळाला की तो मऊ पडतो.

म्हणजे पाणी, फेस, कोन, दाब आणि केसांची दिशा या पाच गोष्टी दाढी करणाऱ्याच्या हातात आहेत. ब्लेड ही सहावी. पहिल्या पाच रोज बदलत असताना सहाव्या गोष्टीला गुण कसे द्यायचे? विज्ञानाच्या तासाला असा प्रयोग केला असता, तर सरांनी वही परत केली असती.

मी जूनपासून एक छोटी वही ठेवली आहे. मला आठवड्यातून दोनदाच दाढी करावी लागते. चारही ब्लेडे मी प्रत्येकी दोन आठवडे वापरली आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिहिल्या. कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण हा लेख जाहिरातही नाही आणि तक्रारही नाही. त्यांना क, ख, ग आणि घ म्हणू.

पहिल्या फेरीत क सर्वांत चांगले वाटले, कारण ते गालावरून निमूटपणे फिरते आणि काही चुकले तरी बोलत नाही. ख ने हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त काढले. ग ओढत होते. घ बद्दल लिहिण्यासारखे काही नव्हते. आमच्या डॉर्मिटरीतल्या बहुतेकांचे मत हेच होते आणि कॅंटीनच्या यादीतही हेच उतरले.

मग दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो. आमचे घर म्हैसूरला चामराजपुरममध्ये आहे, ज्यांना म्हैसूर माहीत आहे त्यांना बल्लाळ सर्कल म्हटले की कळेल. जवळच चामराजपुरमचे छोटे रेल्वे स्टेशन आहे आणि चामराजनगरकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज घरात ऐकू येतो. बाबांना त्या वेळी रजा मिळाली नव्हती. त्यामुळे दाढीच्या बाबतीत माझे गुरू आजोबा. त्यांनी माझा फेस बघितला आणि म्हणाले, ‘हा फेस नाही रे, हे साबणाचे पाणी आहे.’ ब्रश किती भिजवायचा, किती झटकायचा, आणि फेस दह्यासारखा दाट होईपर्यंत किती वेळ फिरवायचा, हे त्यांनी दाखवले. मग म्हणाले, ‘आता तुझे ते वाईट ब्लेड आण.’

मी ख लावले. पहिल्या फेरीत मुद्दाम सुलट्या हातानेच, म्हणजे केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने. एक थेंबही रक्त आले नाही. ज्या जागेवरून क दोन-तीनदा फिरवावे लागे, तेथे ख एकदाच फिरवून पुरले. गाल सायंकाळपर्यंत स्वच्छ राहिला आणि आगही झाली नाही. चार दिवसांनी पुन्हा केले, तोच अनुभव.

याचे कारण मला असे वाटते. बोथट ब्लेड चालवायला दाब लागतो. नवशिका तसाही दाब देतोच, म्हणून त्याचे आणि बोथट ब्लेडचे जमते. धारदार ब्लेडला दाब नकोच असतो, त्याला दिला तर ते कातडी कापते. हात हलका झाला की गणित उलटे होते. आता धारदार ब्लेड कमी वेळा फिरवावे लागते म्हणून तेच कातडीला जास्त सोसते, आणि मवाळ ब्लेड त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवावे लागते म्हणून तेच त्रास देते. म्हणजे ‘ख कापते’ ही जुलैमधली नोंद खोटी नव्हती. ती जुलैमधल्या हाताची नोंद होती. तिच्यावर तारीख लिहायची राहिली, एवढेच.

येथे कोणी विचारेल, आणि विचारलेच पाहिजे, की फरक हाताचा कशावरून? म्हैसूरला घरी कावेरी-कबिनीचे पाणी येते. आपल्या होस्टेलला बोअरवेलचे दुष्फेन पाणी आहे. त्यातले कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार साबणाशी मिळून साका तयार करतात आणि फेस नीट होत नाही, हे आपण पुस्तकात शिकलो आहोत. शंका बरोबर आहे. म्हणून परत आल्यावर मी होस्टेलच्याच पाण्यावर चारही ब्लेडांची दुसरी फेरी केली. साबण थोडा जास्त घ्यावा लागला आणि फेस करायला एक मिनिट जास्त लागले. ख येथेही चांगलेच निघाले. क पहिल्या नंबरवरून तिसऱ्यावर गेले. घ होते तेथेच राहिले.

आणि ग? ग म्हैसूरलाही ओढत होते आणि येथेही ओढते. फेस बदलला, पाणी बदलले, कोन बदलला, त्याने आपला स्वभाव सोडला नाही. निदान माझ्या गालाला तरी हे अंगण वाकडे आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुन्हा तपासणे म्हणजे सगळ्यांना माफ करणे नव्हे. दोन आरोपी होते. दुसऱ्या सुनावणीत एक सुटला आणि एकाची शिक्षा कायम झाली. फरक एवढाच की आता ही शिक्षा पुराव्यावर उभी आहे.

ब्लेड खरेच वाईट असते तर न्हाव्याच्या हातातही ते वाईटच ठरायला हवे. चामराजपुरममधल्या ज्या सलूनमध्ये आजोबा जातात तेथे मी हे नीट पाहिले. आपण वापरतो तेच दोन धारेचे ब्लेड कारागीर कागदासकट मधोमध मोडतो आणि त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा तुकडा. रेझरला निदान कातडी सांभाळणारी कड असते, त्याच्या वस्तऱ्याला तीही नाही. आणि त्या दिवशी त्याच्या टेबलावर पाकीट होते ते ख चे. मी त्याला त्याबद्दल विचारले तेव्हा तो कानडीत एवढेच म्हणाला, ‘कै हगुर इरली.’ म्हणजे हात हलका असू दे. ब्लेडबद्दल तो काही बोललाच नाही.

या छोट्या पट्टीचा इतिहास बघितला तर तिथेही पहिल्या निकालावर थांबलेले लोक फसलेले दिसतात. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला टाकून देण्याच्या ब्लेडची कल्पना सुचली, तेव्हा इतक्या पातळ पोलादाला धार लावता येणार नाही असे जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवले. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. त्या आकड्यावरून कोणी निकाल दिला असता तर दुकान बंद झाले असते. पुढच्याच वर्षी रेझरची विक्री ९० हजारांच्या घरात गेली आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेटला पेटंट मिळाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. तोपर्यंत बरेच पुरुष दाढीसाठी न्हाव्याकडेच जात. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला आणि त्याच्याबरोबर गॅस मास्क आला. दाढी असली तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, फट राहते. अमेरिकन सैन्याने सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेडे आपल्या जवानांसाठी घेतली. खंदकात, थंड पाण्यावर, मिळेल त्या आरशात ती पोरे दाढी करायला शिकली. पहिल्या आठवड्यात त्यांचे चेहरे कसे दिसत असतील, याची कल्पना आपल्या डॉर्मिटरीतल्या कोणालाही करता येईल. पण युद्ध संपल्यावर ते घरी गेले ते हीच सवय घेऊन. म्हणजे सकाळच्या फॉल-इनआधी आपण जे करतो त्याची मुळे थेट खंदकापर्यंत जातात.

ब्लेडही बदलत गेले. आजोबा सांगतात की त्यांच्या तरुणपणी कार्बन स्टीलची ब्लेडे गंजत. दाढी झाली की ब्लेड पुसून ठेवायचे, आणि धार गेली की काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून घासायचे, म्हणजे आणखी एक-दोन दाढ्या निघत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या इंग्लंडमधल्या जुन्या तलवारी बनवणाऱ्या कंपनीने स्टेनलेस स्टीलचे ब्लेड बाजारात आणले आणि सगळ्यांनाच त्या वाटेने जावे लागले. आपल्या देशातही हा धंदा मोठा झाला. ठाण्याची सुपरमॅक्स कंपनी अनेक देशांना ब्लेडे विकत आली, आणि टोपाझ हे नाव आजोबांच्या पिढीला पाठ आहे. आजोबांनी एखादे ब्लेड १९६५ साली वाईट ठरवले असेल, तर आज त्या नावाच्या पाकिटात तेच पोलाद असेल असे नाही. म्हणजे हात बदलतो तसे ब्लेडही बदलते. जुना निकाल दोन्ही बाजूंनी जुना होतो.

परिस्थिती बदलली की निकाल कसा बदलतो, याचे एक उदाहरण व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही दिले जाते. जिलेट कंपनीने भारतासाठी एक रेझर तयार केला आणि त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. तेथे तो आवडला. भारतात मात्र चालेना. कारण तेथे मुले वाहत्या नळाखाली रेझर धूत होती, आणि येथे कितीतरी माणसे एका पेल्यातल्या पाण्यावर दाढी करतात. त्यात तो रेझर साफच होईना. नंतर कंपनीचे लोक येथे घराघरांत जाऊन बसले, माणसे दाढी कशी करतात ते बघितले आणि २०१० साली १५ रुपयांचा एक पात्याचा साधा रेझर आणला. एवढ्या मोठ्या कंपनीला पुन्हा तपासावे लागले, तर आपल्या कॅंटीन समितीला लाज वाटण्याचे कारण नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोलले जाते ते बघू. पहिला मुद्दा वेळेचा. सकाळी पी.टी.ला जाण्याआधी सात-आठ मिनिटे मिळतात, तेवढ्यात ब्रश आणि फेस कोण करत बसणार? हे खरे आहे. पण रोज तीन हात फिरवायची गरज नसते. इन्स्पेक्शनला एक सुलटा हात नीट फिरवला तर पुरतो. उलटा हात रविवारसाठी ठेवावा. शिवाय घाईत पुन्हा पुन्हा घासण्यात जो वेळ जातो, तो फेस करण्याच्या वेळेपेक्षा जास्तच असतो.

दुसरा मुद्दा असा की वापरून फेकण्याचा प्लॅस्टिकचा रेझर जास्त सुरक्षित. अगदी पहिल्या महिन्यात तो बरा असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेथेच थांबलेला मुलगा दाबाची सवय सोडत नाही. शिवाय ब्लेड काही रुपयांना मिळते, कार्ट्रिजला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि डॉर्मिटरीच्या कचऱ्याच्या डब्यात किती प्लॅस्टिक जाते ते आपण बघतोच.

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कोणाचे केस राठ, कोणाची नुसती लव, कोणाला मुरुमे. मग मतांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण एकाच्या मताची दुसऱ्याच्या मताशी तुलना करून नाही. एकाच मुलाचे जुलैचे मत आणि जानेवारीचे मत शेजारी ठेवले तर चेहरा तोच राहतो, ब्लेड तेच राहते, बदलतो तो फक्त हात. म्हणून मी ‘त्याच मुलांना’ विचारा असे म्हणतो. ज्यांना मुरुमे आहेत त्यांनी मात्र ब्लेडांच्या वादात न पडता आधी एम.आय. रूममध्ये दाखवावे.

ब्लेडची धार जाते कशी, याबद्दलही आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. २०२० साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून बघितले. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. तरीही केसामुळे धारेचे बारीक टवके उडतात, विशेषतः केस वाकून धारेला आडवा-तिरपा भेटला तर. ब्लेड नुसते हळूहळू झिजत नाही, ते टवके उडून खराब होते. माझा अंदाज असा की नीट भिजलेल्या केसावर आणि ताणलेल्या कातडीवर ब्लेड जास्त टिकत असावे. हे खरे असेल तर ‘ग दोन दाढ्यांत बोथट होते’ या तक्रारीतही थोडा वाटा हाताचा निघेल. म्हणून ग लासुद्धा दुसरी सुनावणी मिळावी, माझा निकाल त्याच्याविरुद्ध असला तरी.

पालकांनाही एक विनंती आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांचे बाबा पोस्टिंगवर असतात. ज्या सुट्टीत मिसरूड फुटते त्या सुट्टीत ते घरी असतीलच असे नाही. मग आम्ही जे शिकतो ते डॉर्मिटरीतल्या ऐकीव गोष्टींवरून. पार्सलमध्ये महागडा पाच पात्यांचा रेझर पाठवण्यापेक्षा एक साधा रेझर, ब्रश आणि साबण पाठवा, आणि बाबा, काका, मामा, आजोबा यांपैकी कोणीतरी एकदा आरशासमोर शेजारी उभे राहा. आई, तुलाही शेजारी उभे राहून ‘दाबू नकोस’ म्हणता येते, त्याला दाढी असावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र पुन्हा तपासण्याची नाही, ती कायमची आहे. दुसऱ्याचे ब्लेड किंवा रेझर वापरायचा नाही, जिगरी दोस्ताचासुद्धा नाही. न दिसणाऱ्या ओरखड्यातूनही हिपॅटायटिस बी सारखे आजार पसरू शकतात. आणि वापरलेले ब्लेड बाथरूमच्या कट्ट्यावर किंवा उघड्या कचऱ्यात टाकायचे नाही. झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा प्रत्येक बाथरूममध्ये ठेवला तर आमच्या भय्यांचे हात वाचतील. जी माणसे आपली सफाई करतात त्यांना आपल्या दाढीची जखम होता कामा नये.

हे सगळे लिहिताना मला ब्लेडांपेक्षा सहावीतल्या मुलांची आठवण जास्त येत होती. ती येथे येतात तेव्हा पहिल्या सत्रातच त्यांना नावे पडतात. हा ढिला, तो रडका, हा घोड्याला घाबरतो, त्याला पोहता येणार नाही. नावे ठेवणारे आपणच असतो. ती मुले तेव्हा पहिल्यांदा घराबाहेर झोपत असतात, त्यांचा ग्रुप अजून आलेला नसतो. दोन वर्षांनी तीच मुले पोहतात, घोड्यावर बसतात, पण नाव तेच राहते, कारण त्या नावावर कोणी तारीख लिहिलेली नसते. काही जण खरेच ढिले निघतील, ग सारखे. पण ते दुसऱ्यांदा बघून ठरवावे.

तेव्हा कॅंटीन समितीला माझी सूचना अशी आहे. जानेवारीपर्यंत चारही ब्लेडे फळीवर राहू द्यावीत. जानेवारीत त्याच मुलांकडून पुन्हा मते घ्यावीत, आणि प्रत्येकाने मताशेजारी आपण साधारण किती वेळा दाढी केली आहे ते लिहावे. यादी एक नको, दोन हव्यात: एक नव्यांसाठी आणि एक सरावलेल्यांसाठी. पहिल्या यादीत क खुशाल वर असू दे, त्याने आम्हाला सांभाळून घेतले आहे. पुढच्या जूनमध्ये दहावीत येणाऱ्यांना बारावीच्या मुलांनी एका रविवारी फेस आणि कोन दाखवावा, म्हणजे पहिला धडा इन्स्पेक्शनच्या सकाळी रक्ताने लिहिला जाणार नाही. आपल्या शीख मित्रांना या वादातून सुट्टी आहे, पण पत्र्याचे डबे जागेवर आहेत की नाहीत हे तपासायला त्यांची मदत होईल.

मतांची वही मी हाऊसच्या नोटीस बोर्डाखाली ठेवत आहे. पहिल्या पानावर चार रकाने आखले आहेत. पाचवा रकाना तारखेचा आहे, तो कोणीही रिकामा सोडू नये.